कारागृहांवर अभ्यास: संदर्भ विभागात काय, कुठल्या क्रमाने बघायचं आणि कुठे फसायला होतं?

अभ्यासिका_सोलापूर:
नमस्कार. समाजशास्त्र एम.ए.चा लघुप्रबंध आहे. विषय: महाराष्ट्रातल्या कारागृहांतली गर्दी आणि न्यायाधीन बंदी (ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे), साधारण १९७०पासून पुढे. मर्यादा पंधरा हजार शब्दांची, हातात आठ आठवडे. जवळच्या जिल्हा ग्रंथालयात मराठी विश्वकोश आहे, गॅझेटियरचे काही खंड आहेत, निकालपत्रांचे एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टरचे) जुने खंड आहेत आणि सरकारी अहवालांनी भरलेलं एक कपाट आहे. पुण्या-मुंबईला मिळून फार तर तीन दिवस जाता येईल.

ग्रंथालयाच्या तालिकेत (पुस्तकांच्या सूचीत) 'तुरुंग' टाकलं तर सगळ्या तुरुंगातल्या आठवणीच निघतात. अहवाल आणि संदर्भग्रंथ कसे शोधायचे? आकडे कुठले विश्वासाचे? कारागृह नियमावलीचा उल्लेख कसा करायचा? आणि सुरुवात कुठून करायची?

निधानी_क्र_३:
शब्दापासून सुरू करा, कारण तुमची अडचण तिथेच आहे. मराठीत 'तुरुंग' हा शब्द आत्मचरित्रांनी आणि वर्तमानपत्रांनी ठेवून घेतलाय, सरकारने 'कारागृह' घेतलाय. त्यामुळे एका शब्दाने शोधलं की अर्धं साहित्य दिसतच नाही. कागदावर आधी जोड्या लावा: तुरुंग, कारागृह, जेल, बंदीगृह. कैदी, बंदी, बंदिवान. कच्चा कैदी म्हणजे न्यायाधीन बंदी, पक्का कैदी म्हणजे सिद्धदोष बंदी. खटला न चालवता प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेला तो स्थानबद्ध. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा. सबजेल म्हणजे दुय्यम कारागृह. बोर्स्टल शाळेला आपल्याकडे किशोर सुधारालय म्हणतात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश संदर्भ विभागात असतोच, अर्धा तास त्यात घालवा. पुढचे सात आठवडे सोपे जातील.

इंग्रजी तालिकेतही हेच. जुन्या नोंदींत जेलचं स्पेलिंग 'जी'ने सुरू होतं, 'जे'ने नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे बरेच कागद त्या 'जी'खाली आहेत. 'प्रिझन डिसिप्लिन' हा तर एकोणिसाव्या शतकातला लाडका विषयशब्द. त्याचा अर्थ शिस्त एवढाच नव्हे, अख्खी तुरुंगव्यवस्था.

आता मांडणी. ड्यूई दशांश वर्गीकरणात कारागृहं ३६५ला. त्याच्या अलीकडे ३६४ म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, आणि शिक्षा व दंडशास्त्र ३६४.६ला. फौजदारी कायदा ३४५. महाराष्ट्रापुरतं पुस्तक असेल तर नीट वर्गीकरण केलेल्या ग्रंथालयात ते ३६५.९५४७९२ला सापडेल. छोटी ग्रंथालयं ३६५.९५४ म्हणजे भारत एवढ्यावरच थांबतात. तेव्हा ३६५चं शेल्फ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी बघा, दहा मिनिटांचं काम आहे. फक्त लक्षात ठेवा, देवघेव विभागातलं ३६५ आणि संदर्भ विभागातलं ३६५ ही दोन वेगळी शेल्फं. संदर्भग्रंथांच्या बोधांकाआधी (पुस्तकावर लिहिलेल्या वर्गीकरण क्रमांकाआधी) 'सं' किंवा 'आर' लिहिलेलं असतं. जी ग्रंथालयं ड्यूईऐवजी द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण पद्धत वापरतात तिथे समाजशास्त्र 'वाय'खाली आणि कायदा 'झेड'खाली असतो.

आणि ते सरकारी अहवालांचं कपाट! ते बहुतेक वेळा वर्गीकृतच नसतं. संगणकावर काही दिसत नाही म्हणून अहवाल नाही असं समजू नका. दाखल नोंदवही मागा, 'गृह विभाग' या नावाखाली बघा. समित्यांचे अहवाल अध्यक्षाच्या नावाने प्रसिद्ध असतात, पण तालिकेत अधिकृत नावाने नोंदलेले असतात. मुल्ला समिती म्हणून विचारलंत तर नाही म्हणतील, 'ऑल इंडिया कमिटी ऑन जेल रिफॉर्म्स, १९८०–८३' म्हटलंत तर खंड काढून देतील.

विश्वकोशाचा उपयोग संकल्पनेसाठी आणि नोंदीच्या शेवटी दिलेल्या संदर्भांसाठी करा. आकडे मात्र त्यातून उचलू नका. पहिला खंड १९७६चा आहे, बाकीचे पुढच्या कित्येक वर्षांत आले. एकाच संचातले दोन खंड दोन वेगवेगळ्या काळांत उभे असतात.

कोष्टक_तळटीप:
आकड्यांचं मी सांगतो. मुख्य आधार एकच: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया'. १९९५पासूनच्या वर्षांचा आहे. 'क्राइम इन इंडिया' हे त्याच संस्थेचं, पण वेगळं प्रकाशन. गुन्हे आणि अटक त्यात, बंदी यात. कोष्टकं एकमेकांत मिसळू नका.

२०२२चा अहवाल समोर धरा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशात १,३३० कारागृहं, अधिकृत क्षमता ४,३६,२६६, प्रत्यक्ष बंदी ५,७३,२२०. बंद्यांना क्षमतेने भागून शंभराने गुणा: १३१.४. आता बातम्यांत आणि प्रबंधांतही याचं 'क्षमतेपेक्षा १३१ टक्के जास्त कैदी' होतं. साफ चूक. क्षमतेच्या १३१.४ टक्के, म्हणजे ३१.४ टक्के जास्त. माणसांत मोजायचं तर १,३६,९५४ जास्तीचे.

त्या ५,७३,२२०ची फोड: सिद्धदोष १,३३,४१५, न्यायाधीन ४,३४,३०२, स्थानबद्ध ४,३२४, इतर १,१७९. बेरीज जुळते का ते स्वतः करून बघा. ही सवय लावून घ्याच, कारण नकल करताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर बेरजेतच पकडला जातो. न्यायाधीनांचा वाटा ७५.८ टक्के.

आधीच्या वर्षी, २०२१ला, हाच वाटा ७७.१ टक्के होता. लगेच 'परिस्थिती सुधारली' असं लिहू नका. २०२१ला न्यायाधीन ४,२७,१६५ होते, २०२२ला ४,३४,३०२. टक्का घसरला, माणसं सात हजारांनी वाढली. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहा.

फसायच्या जागा आणखी आहेत. हे आकडे एका रात्रीचे आहेत, वर्षभरात आत गेलेल्यांचे नव्हेत. वर्षभरातल्या दाखल बंद्यांचं कोष्टक वेगळं असतं आणि तो आकडा अर्थातच कितीतरी मोठा. 'वर्षभरात इतके तुरुंगात गेले' म्हणायचं असेल तर ते कोष्टक. दुसरं, खर्चाचं कोष्टक आर्थिक वर्षाचं असतं आणि बंदीसंख्या ३१ डिसेंबरची. भागाकार करून दरडोई खर्च काढलात तर तो अंदाज आहे असं तिथेच नोंदवा. तिसरं, अहवालाच्या नावातलं वर्ष माहितीचं असतं, प्रकाशनाचं नाही. २०२२चा अहवाल २०२३च्या अखेरीस आला. चौथं, जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवून 'कोष्टक ४.२' म्हणून एकाच क्रमांकावर जाऊ नका, क्रमांक बदलत गेलेत. शीर्षक वाचून जुळवा.

आणि सरासरीचं कौतुक करू नका. राज्याची सरासरी काढताना खुली कारागृहं, महिला कारागृह, सगळं एकत्र येतं. खुल्यात जागा रिकामी असली तर मध्यवर्तीतली दाटी सरासरीत बुडून जाते. अहवालात राज्यनिहाय आणि कारागृहाच्या प्रकारानुसार माहिती मिळते. मध्यवर्ती, जिल्हा, दुय्यम, महिला, किशोर सुधारालय, खुलं, विशेष. तुमच्या विषयाला हीच कोष्टकं कामाची. एकट्या येरवड्याचा किंवा आर्थर रोडचा आकडा त्यात शोधत बसू नका. त्यासाठी कारागृह व सुधारसेवा विभागाची विवरणपत्रं, नाहीतर विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा असेल तर आजच टाका, दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवस. आठ आठवड्यांतले चार तिथेच गेले. अर्जात तारीख नेमकी लिहा: 'अमुक वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजी कारागृहनिहाय अधिकृत क्षमता व प्रत्यक्ष बंदीसंख्या.' 'गर्दीबाबत माहिती द्यावी' असं लिहिलंत तर उत्तरही तसंच मोघम येईल.

१९७०पासून सुरुवात म्हणताय, तर पहिली पंचवीस वर्षं एनसीआरबी तुमच्या कामाची नाही. तिथे राज्याच्या कारागृह विभागाचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि मुल्ला समिती. दोन मालिका एकाच आलेखात एका रेषेने जोडू नका, जोडावर तुटक रेषा द्या आणि खाली का ते लिहा.

कलम_एकोणसाठ:
वर सगळं छान आलंय, पण कायद्याची चौकट आधी बसली नाही तर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली चौथी नोंद म्हणजे कारागृहं. विषय राज्याचा आहे. त्यामुळे केंद्राची २००३ची आणि २०१६ची आदर्श कारागृह नियमावली, किंवा २०२३चा आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम, हे नमुने आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय ते महाराष्ट्रातला कायदा होत नाहीत. २०१६च्या नियमावलीतला परिच्छेद उचलून 'महाराष्ट्रात असा नियम आहे' म्हणणं ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक. परीक्षकाने कारागृहावर काम केलेलं असेल तर तो पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

तुमच्या काळासाठी मूळ कायदा कारागृह अधिनियम, १८९४. त्याच्या कलम ५९खाली राज्य नियम करतं, आणि महाराष्ट्र कारागृह नियमावली, १९७९ ही अशा नियमसंचांची एकत्र बांधणी आहे. ती सलग नियमांची एक पोथी नव्हे. आत फर्लो व पॅरोलचे १९५९चे नियम आहेत, शिक्षेत सूट देण्याचे १९६२चे, खुल्या कारागृहांचे १९७१चे, असं बरंच. प्रत्येक संचात नियम क्रमांक एकपासून सुरू होतो. म्हणून 'नियमावली, नियम ४' या उल्लेखाला काही अर्थ नाही. फर्लो-पॅरोल नियमांतला नियम ४ कोणाला संचित रजा मिळणार नाही ते सांगतो, दुसऱ्या संचातला नियम ४ भलतंच काही. संचाचं नाव, त्याचं वर्ष, मग नियम क्रमांक, असं लिहा.

ग्रंथालयातली प्रत कुठल्या तारखेपर्यंत दुरुस्त आहे ते आतल्या पानावर बघा. फर्लो-पॅरोलच्या नियमांत २०१६ आणि २०१८ला मोठ्या दुरुस्त्या झाल्या, मे २०२०मध्ये साथीमुळे आकस्मिक पॅरोलची तरतूद नियम १९मध्ये आली. जुन्या प्रतीत यातलं काही सापडणार नाही. दुरुस्त्या राजपत्रात शोधायच्या, अधिसूचनेच्या तारखेवरून.

त्याहून मोठी गोष्ट: ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात अनेक राज्यांच्या नियमावल्यांमधल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. म्हणजे शेल्फवरच्या नियमावलीत जे छापलंय ते सगळं आज जिवंत आहे असं धरू नका. छापील पान हा त्या काळचा पुरावा. आजचा कायदा म्हणून वापरायचा तर निकालाशी ताडून.

न्यायाधीनांसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६अ सगळ्या पुस्तकांत सापडेल: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर जामीन. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे, आणि पहिल्यांदाच गुन्हा असलेल्यासाठी मर्यादा एक तृतीयांशावर आली आहे. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण सारखे नाहीत; ४३६अमध्ये मृत्युदंड असलेले गुन्हे वगळलेले होते, ४७९मध्ये जन्मठेप असलेलेही वगळले आहेत. ४७९मध्ये आणखी एक अडसर आहे, एकाहून जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर या कलमाखाली सुटका नाही. गर्दीच्या प्रबंधात हा मुद्दा सुटता कामा नये.

निकाल शोधताना नावावर विसंबू नका. सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या नावाचे दोन निकाल आहेत. पहिला एआयआर १९७८ एससी १६७५ (म्हणजे १९७८चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान १६७५), एकांतवास आणि बेड्यांबद्दल. दुसरा एआयआर १९८० एससी १५७९, तो एका बंद्याने दुसऱ्याच्या छळाबद्दल लिहिलेल्या पत्रावरून सुरू झाला. दोघांची सरमिसळ छापील पुस्तकांतही दिसते. न्यायाधीनांसाठी हुसैनारा खातून, १९७९. तुमच्याकडे जुने एआयआर आहेत, तर हे तिन्ही मूळ पानावर वाचता येतील. दुय्यम पुस्तकातला उतारा उचलायची गरजच नाही.

अभ्यासिका_सोलापूर:
खूप आभार! ३१.४ आणि १३१.४ची चूक माझ्या आराखड्यात होतीच, दुरुस्त केली. दोन शंका. गॅझेटियरचा माझ्या विषयाला खरंच उपयोग आहे का, की नुसती पार्श्वभूमी? आणि ग्रंथपालांनी कारागृहांवरचा एक अमेरिकन विश्वकोश दाखवला, दोन जाड खंड, तो वापरू का?

पेशवेदफ्तर:
गॅझेटियर उपयोगाचं आहे, पण दोन मालिका आहेत त्या वेगळ्या ओळखा.

जुनी मालिका मुंबई इलाख्याची, कॅम्पबेल यांनी संपादलेली, बहुतेक जिल्हे १८८०च्या दशकात छापलेले. तिथे कारागृह दोन जागी सापडतं. एकदा 'न्याय' प्रकरणात, पोलिसांच्या जोडीला दोन-चार ओळींत. आणि मग शेवटी गावांच्या वर्णनात, त्या गावाच्या नोंदीत. पुणे जिल्हा हा अठरावा खंड, तीन भागांत. ठाण्याचं तर स्थळवर्णन वेगळ्या चौदाव्या खंडातच आहे. तेरावा चाळून 'किल्ल्यातल्या तुरुंगाबद्दल काही नाही' म्हणू नका. स्पेलिंगही सांभाळा: येरवडा तिथे 'व्ही'ने लिहिलेला असतो, आजच्यासारखा 'डब्ल्यू'ने नाही.

नवी मालिका स्वातंत्र्यानंतरची, पुणे जिल्ह्याचा सुधारित खंड १९५४चा. त्यात 'कायदा, सुव्यवस्था व न्याय' असं प्रकरण असतं, त्यात पोलीस, कारागृहं, न्यायालयं ओळीने येतात. प्रत्येक जिल्ह्याचं प्रकाशनवर्ष वेगळं, म्हणून दोन जिल्ह्यांचे आकडे शेजारी मांडताना मधे पंधरा वर्षांचं अंतर असू शकतं हे विसरायचं नाही. तुमच्या कालखंडात जे खंड पडतात तेवढेच घ्या. बाकी जिल्ह्यात कुठल्या दर्जाचं कारागृह केव्हा होतं एवढ्यापुरतं.

सांगली जिल्ह्यावर यायचं झालं तर एक खोच. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत शोधताना 'सांगली' बघून थांबू नका. तो भाग पूर्वी औंध संस्थानात होता. जिल्हा १९४९ला दक्षिण सातारा नावाने झाला, सांगली हे नाव १९६०चं. जुने कागद औंध, सातारा, दक्षिण सातारा अशा तीन नावांखाली विखुरलेत.

समित्यांची साखळी एका परिच्छेदात आटपा: १८३६ला नेमलेली आणि १८३८ला अहवाल दिलेली प्रिझन डिसिप्लिन समिती, मग १९१९–२०ची इंडियन जेल्स कमिटी, जिने सुधारणा आणि पुनर्वसन हा तुरुंगाचा हेतू म्हणून स्पष्ट मांडला. स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ रेकलेस १९५१ला आले. मग १९५७–५९ची नियमावली समिती, मग मुल्ला, महिला बंद्यांसाठी १९८७चा कृष्णा अय्यर समितीचा अहवाल. या सगळ्यांवर प्रत्येकी पान खर्च करायचा मोह होतो. तुमचा विषय १९७०नंतरचा आहे, मुल्लाला चार पानं द्या आणि बाकीच्यांना मिळून एक.

मुंबईत आलात तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि एशियाटिकचं ग्रंथालय जवळजवळ आहेत, एका दिवसात दोन्ही होऊ शकतात. पण पुराभिलेखागारात ओळखपत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र लागतं, आणि कागद मागणीपत्र भरल्यावर येतात. यादीतले क्रमांक आधी काढून ठेवा. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्र आणि सुधारप्रशासन हा जुना अभ्यासविषय आहे, तिथल्या ग्रंथालयात तुम्हाला लागणारं बरंच काही एका छताखाली मिळेल. तीनपैकी एक दिवस तिथे घाला. बाहेरच्यांसाठी परवानगीची पद्धत फोन करून विचारून घ्या.

जाता जाता: 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आला असं मानतात. पेशवाईच्या कागदांत त्या एका शब्दावर विसंबू नका. तिथे कैद, अटक, बंदीखाना, आणि मुख्य म्हणजे किल्ल्यांची नावं. स्वतंत्र तुरुंगाची इमारत नसायची, माणूस अमुक किल्ल्यावर बेडी घालून ठेवलाय अशी नोंद असते.

निधानी_क्र_३:
अमेरिकन विश्वकोशाबद्दल. संकल्पनांसाठी वापरा, तुलनेसाठी जपून. तिथे जेल आणि प्रिझन हे दोन वेगळे शब्द आहेत. जेल स्थानिक, परगण्याचं; खटला चालू असलेले आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा असलेले तिथे. प्रिझन राज्याचं किंवा संघराज्याचं, एक वर्षापुढच्या शिक्षेचं. आपल्या मध्यवर्ती कारागृहात कच्चे-पक्के एकाच भिंतीच्या आत असतात. म्हणजे तिथल्या 'प्रिझन'च्या आकड्याशी आपली एकूण बंदीसंख्या ताडली की तुलना पहिल्याच पायरीवर मोडली. तिथला 'परोल' हा शब्दही फसवा आहे: शिक्षेचा उरलेला भाग देखरेखीखाली बाहेर काढणं, आपल्या अभिवचन रजेसारखी काही दिवसांची सुटी नव्हे.

विश्वकोशाच्या शेवटच्या खंडातली सूची आधी उघडा. 'इंडिया'खाली दोन-तीन पानांचे उल्लेख असतील तर तेवढेच वाचा. प्रत्येक नोंदीखालचे 'हेही पाहा' हे त्या ग्रंथातलं सगळ्यात मोलाचं.

आंतरराष्ट्रीय मापदंड हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम, डिसेंबर २०१५चे, एकूण १२२. महिला बंद्यांसाठी २०१०चे बँकॉक नियम, ७०. मंडेला नियमांत चौसष्टावा नियम प्रत्येक कारागृहात ग्रंथालय असावं असं सांगतो, आपल्या धंद्याचा म्हणून मुद्दाम सांगितला!

मांडवी_काठ:
गोव्याशी तुलना करायचा विचार असेल तर एवढंच: १९६१पूर्वीचं सगळं पोर्तुगीजमध्ये, सरकारी राजपत्र 'बोलेतीं ओफिसियाल'मध्ये. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात त्याचे खंड आहेत. भाषा येत नसेल तर आठ आठवड्यांत त्या वाटेला जाऊ नका. १९६१नंतरच्या काळासाठी एनसीआरबीचं गोव्याचं कोष्टक पुरे. पण राज्य छोटं असल्याने आकडेही छोटे, आणि छोट्या आकड्यांत टक्केवारी वर्षागणिक उड्या मारते. टक्क्याशेजारी मूळ संख्या लिहा.

कलम_एकोणसाठ:
एक निकाल सुचवायचा राहिला, मराठी प्रबंधात तो असायलाच हवा. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी, एआयआर १९६६ एससी ४२४. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी 'अणूचं अंतरंग' या विषयावर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्यायला सरकारने नकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयात सरकार हरलं. तुमच्या कालखंडाच्या चार-पाच वर्षं आधीचा आहे आणि स्थानबद्धाबद्दल आहे, न्यायाधीनाबद्दल नाही. तेव्हा प्रस्तावनेत, तोही एका वाक्यात. शोधताना आडनावाचं रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे छापलेलं आढळतं, 'जी' घालून आणि न घालून. सूचीत सापडलं नाही तर थेट खंड आणि पान काढा.

अभ्यासिका_सोलापूर:
शेवटचं विचारते. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, झेरॉक्सही ठरावीक पानांचीच देतात. टिपणं कशी घेऊ, म्हणजे परत परत खेटे पडणार नाहीत?

कोष्टक_तळटीप:
एका कोष्टकाला एक चिठ्ठी. वर ग्रंथाचं पूर्ण नाव आणि बोधांक, मग माहितीचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष, कोष्टक क्रमांक आणि शीर्षक, पान. फोटो काढू देत असतील तर तीन फोटो: आतलं शीर्षकपान, पूर्ण कोष्टक, आणि कोष्टकाखालच्या टिपा. टिपांचा फोटो सगळे विसरतात, आणि 'अमुक राज्याची माहिती प्राप्त नाही, आधीच्या वर्षाची वापरली' हे नेमकं तिथेच बारीक अक्षरांत असतं. कोष्टक दोन पानांवर पसरलं असेल तर दोन्ही पानांवर राज्यांचा रकाना येईल असा फोटो घ्या, नाहीतर घरी बसल्यावर दुसऱ्या पानावरची ओळ महाराष्ट्राची की मध्य प्रदेशाची ते कळत नाही.

निधानी_क्र_३:
आणि काम झाल्यावर खंड स्वतः शेल्फवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. चुकीच्या जागी गेलेला संदर्भग्रंथ पुढच्या मोजणीपर्यंत हरवल्यातच जमा.

अभ्यासिका_सोलापूर:
समजलं. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाकते, आणि शनिवारी न्यायव्यवहार कोशापासून सुरुवात.